आई अजून घराबाहेर पडत नाहीत: साथीच्या काळात आपण घर आणि बाहेर यांच्यात रेघ कुठे मारली?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “आई ७३ वर्षांची आहे. करोना ओसरून इतकी वर्षं झाली, तरी ती लग्नाला, देवळात, बाजारात जात नाही. दुधाची पिशवी आजही साबणाने धुऊनच फ्रिजमध्ये जाते. एप्रिल २०२१ मध्ये माझा मामा घरून रुग्णवाहिकेत बसून गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून हे जास्त झालं. आणखी एक शल्य आहे. मे २०२० मध्ये आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या गावी गेलो, तर सख्ख्या काकांनी घरात घेतलं नाही. गावच्या शाळेत १४ दिवस काढावे लागले. तेव्हा बोलणं तुटलं ते तुटलंच. घर म्हणजे सुरक्षित आणि बाहेर म्हणजे मरण, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट कसं बसलं? माणसं अशी का वागली? आणि आईचं हे आजारपण समजायचं की स्वभाव?”

ताई, तुम्हाला उत्तर हवंय ते आईंबद्दल, हे कळतं. पण त्यांचं काय झालंय ते समजायचं तर आधी तुमच्या काकांचं आणि आपल्या सगळ्यांचं काय झालं होतं ते बघावं लागेल. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. त्या दोन वर्षांत मुंबईत ओपीडी सांभाळून विलगीकरण केंद्रातल्या लोकांशी बोलायचं कामही माझ्याकडे होतं, त्यामुळे घरात अडकलेले आणि घरापासून तुटलेले असे दोघेही ऐकायला मिळाले.

करोना मुख्यतः पसरायचा तो बंद जागेतल्या हवेतून. बाधित माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून निघालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि मोकळ्यावर लगेच विरतात. उघड्यावर झालेली लागण एकूण लागणीच्या १० टक्क्यांहूनही कमी होती, असं पुढे अभ्यासांच्या आढाव्यातून दिसलं. पण हे सर्वमान्य व्हायला वेळ लागला. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ट्विटरवर हा आजार हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुल्या पत्रातून हवेकडे लक्ष द्या म्हणून बजावलं. संघटनेच्या सर्वसामान्यांसाठीच्या माहितीत ते स्वच्छ शब्दांत आलं एप्रिल २०२१ च्या शेवटी, म्हणजे आपल्याकडे दुसरी लाट ऐन भरात होती तेव्हा. तोवर आपल्या कानावर काय पडत होतं? घरात राहा, हात धुवा, सहा फूट लांब उभे राहा. फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. खिडक्या उघडा, पंखा लावा, हवा खेळती ठेवा, हे मात्र कुणी तितक्या जोरात सांगितलं नाही.

टाळेबंदीच चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. माणसं कमी भेटली की साखळी तुटते, हे खरंच आहे. पण ‘कमी माणसांना भेटा’ ही सूचना आपल्या मनात उतरली ती ‘घर चांगलं, बाहेर वाईट’ अशी. हवा दिसत नाही, दार दिसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीची भीती माणूस फार वेळ नुसती बाळगू शकत नाही, त्याला ती कुठे तरी ठेवावी लागते. आपण ती दारावर ठेवली.

त्यातून काय काय झालं ते आठवून बघा. भाजी मिठाच्या पाण्यात. पार्सल दोन दिवस गॅलरीत. लिफ्टचं बटण दाबायला टूथपिक. पेपर बंद, आणि चालू असलाच तर त्यावर इस्त्री. चपला जिन्यात, कपडे थेट बादलीत. आणि एवढं सगळं करून आत आलेली तीच माणसं एसी लावून, खिडक्या घट्ट मिटून, पाहुण्या मावशीबरोबर मास्क काढून दोन तास चहा पीत बसायची. मावशी आपल्याच की! वस्तूच्या पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे दुधाच्या पिशवीपेक्षा मावशी कितीतरी पटींनी धोक्याच्या होत्या. पण मावशींच्या अंगावर ‘बाहेर’ असं लिहिलेलं आपल्याला दिसत नव्हतं. ओळखीच्या, प्रेमाच्या माणसाकडून रोग येईल हे मन मान्यच करत नाही. आमच्याकडे येणाऱ्या किती तरी घरांत आजार शिरला तो साखरपुड्यातून, बारशातून, दहाव्याला जमलेल्या नातलगांतून. तरी त्या घरांचा संशय आठवडेच्या आठवडे भाजीवाल्यावरच होता.

इथे आपल्या समाजाबद्दल एक कडू गोष्ट बोलायला हवी. बाहेरून आलं की पाय धुवायचे, स्मशानातून आलं की आंघोळ, चपला उंबऱ्याबाहेर, या सवयी आपल्या अंगात होत्याच, आणि साथीत त्यांचा काही उपयोगही झाला. पण कुणाला कितपत आत घ्यायचं याचं एक जुनं कोष्टकही आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं, आणि तेही त्याच सोवळ्याच्या खुंटीवर टांगलेलं होतं. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईची सहल करून परतलेलं जोडपं. आजार विमानातून आला होता. सरकारनं परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारायला सुरुवात केली ती त्यामुळेच. आणि सोसायट्यांनी गेट बंद केलं कुणासाठी? घरकामाच्या बायांसाठी. जून उजाडून निर्बंध सैल व्हायला लागले, तरी बऱ्याच इमारतींत मोलकरणीला लिफ्ट बंद होती आणि मालकाच्या मुंबई-पुणे फेऱ्या चालू होत्या. अशी रेघ मारताना धोका कुणी मोजलेला नसतो. आधीपासून जो परका, तोच आजाराचा वाहक ठरतो. जगभर असंच झालं, पण आपल्याकडे त्याला तयार साचा मिळाला.

मग जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांतलं रक्तचाचणीचं सर्वेक्षण जाहीर झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, इमारतींत १६ टक्के. पुष्कळांनी याचा अर्थ ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’ असा लावला. मला त्या आकड्यांत घराचा अर्थ दिसतो. दोन खोल्या, बाल्कनी आणि आत संडास असेल तर ‘घरात राहा’ ही सूचना पाळता येते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, पोटमाळ्यावर भाडेकरू, नळ गल्लीच्या तोंडाला आणि शौचालय सार्वजनिक असेल, तर घर संपतं कुठे आणि बाहेर सुरू होतं कुठे? तिथे रोज झोपायच्या पाळ्या लागतात. चाळीचंही थोडंफार तसंच. गॅलरी, जिना, टोकाचा संडास हे सगळं मिळून घर, खोली त्याचा एक तुकडा.

धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. तिथे काम करणाऱ्या पालिकेच्या लोकांनी एक शहाणपणा लवकर केला, ‘घरातच राहा’ या वाक्यावर ते विसंबून राहिले नाहीत. सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक करायची, गल्लोगल्ली जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासायचा, आणि संशयित माणसाला त्याच खोलीत परत न पाठवता शाळा, सभागृह, क्रीडा संकुल इथे हलवायचं. घर जसं आहे तसं त्यांनी मान्य केलं.

अशाच एका केंद्रातली एक बाई मला आठवते. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, सोडायची वेळ झाली, तर म्हणाली, “डॉक्टर, अजून चार दिवस ठेवता का?” स्वतःची अशी खाट तिला पहिल्यांदा मिळाली होती. घरी दारू बंद झाल्यानं बिथरलेला नवरा होता. राष्ट्रीय महिला आयोगाकडे टाळेबंदीच्या सुरुवातीच्या महिन्यांत कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या, आणि त्या फक्त फोन हाताशी असलेल्यांच्या. एरवी या बायांना बाहेर म्हणजे दिवसातले चार मोकळे तास असायचे. नवरा कामावर, मुलं शाळेत, आपण नळावर नाहीतर कामाच्या घरी. टाळेबंदीनं ते तास काढून घेतले. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य त्यांनी कसं ऐकलं असेल?

परप्रांतीय मजुरांबद्दल तेव्हा मला लोक सारखे विचारायचे, “सगळं जग घरात बसलंय आणि हे रस्त्यावरून का चाललेत?” अहो, ते घरीच चालले होते. भिवंडीची, साकीनाक्याची खोली त्यांच्या लेखी बाहेरच होती. काम थांबलं, भाडं थकलं, खानावळ बंद झाली, मग ती खोली कुणाची? ८ मे २०२० ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, मध्य प्रदेशात आपल्या गावी जाणारी गाडी मिळावी म्हणून. त्यांना विषाणूची भीती नव्हती असं नाही. मरायचंच असेल तर परक्या ठिकाणी नको, हे त्यांच्यासाठी विषाणूहून मोठं होतं. अनोळखी मुलखात मरण्याची भीती मी त्या काळात जितकी ऐकली तितकी मरणाचीही ऐकली नाही.

आणि आता तुमचे काका.

ताई, त्या मे महिन्यात तुम्ही घरी निघाला होता. काकांच्या बाजूनं बघितलं तर मुंबई गावात येत होती. गावानं वेशीवर बांबू आडवे टाकले होते, ग्राम कृती दल नेमलं होतं, आल्यागेल्याची नोंद होत होती, आणि शाळा चाकरमान्यांसाठी रिकामी केली होती. कोकणातली बहुतेक गावं तेव्हा म्हाताऱ्यांची होती, तरणी माणसं मुंबईला. सुरुवातीला तपासणीचे नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत, रिपोर्टची वाट बघण्यात दिवस जात. व्हेंटिलेटर कुठे, किती, हे विचारायची सोय नव्हती. अशा गावात एखाद्या घरानं नियम मोडून नातलगांना आत घेतलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी म्हातारं माणूस गेल्यावर बोट त्याच घराकडे जाणार. काकांना तुमची भीती वाटली असेलच, पण वाडीची भीती त्याहून जास्त वाटली असणार. गावात आयुष्य काढणाऱ्याला वाडीनं टाकलेलं परवडत नाही.

तुम्हाला जे लागलं तेही खोटं नाही. चाकरमान्याचं मन मुंबईत भाड्यानं राहतं आणि गावच्या घरात मालकीनं. गणपतीला, शिमग्याला त्या घराचं दार आपल्यासाठी उघडंच असणार, हे त्यानं कायमचं गृहीत धरलेलं असतं. मुंबईच्या खोलीत तीस वर्षं राहूनही ‘घरी कधी जाणार?’ म्हटलं की तो संगमेश्वरच सांगतो. त्या दाराबाहेर थांबवल्यावर नातं तुटल्यासारखं वाटतं, एवढंच नाही, आपण नक्की कुठले हा प्रश्न उभा राहतो. त्या ऑगस्टात गणपतीला येणाऱ्यांसाठी विलगीकरण १० दिवसांवर आणलं, त्यावरही कोकणात किती भांडणं झाली ते तुम्हाला माहीत असेल. माझ्याकडे या दुखण्यासाठी कुणी येत नाही. झोप लागत नाही, रक्तदाब वाढलाय म्हणून येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत ‘भावानं दारात उभं केलं नाही’ हे बाहेर पडतं.

याला इतिहास आहे, आणि तो मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण त्यात रेघ बरोबर उलटी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहरातली लाखो माणसं मुंबई सोडून गेली. प्लेगमध्ये धोक्याची जागा होती घर. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून तो माणसाकडे येतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं, पण त्याआधीच लोकांना दिसत होतं की घरात उंदीर पडले की माणसं पडतात. मग गावंच्या गावं घरांना कुलपं लावून माळावर, मळ्यात झोपड्या टाकून राहायची, साथ सरली की परतायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांकडे आजी-पणजीच्या तोंडून आलेल्या या आठवणी अजून आहेत. म्हणजे घर सुरक्षित आणि उघडा माळ भीतीचा, हे काही माणसाच्या रक्तात नाही. आपल्याच पणजोबांनी साथ आल्यावर घर सोडलं होतं.

पुण्यात तर रोगाइतकीच भीती घरात शिरणाऱ्या सरकारची होती. १८९७ च्या मार्चपासून प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घरं तपासायला घेतली. स्वयंपाकघर, देवघर, बायकांची खोली, कशालाच आडकाठी नव्हती. लोक आजारी माणसाला माळ्यावर, गाद्यांच्या ढिगामागे लपवू लागले, कारण सापडला तर छावणीत नेणार आणि तो परत येईल याची खात्री नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तिची एक बाजू या झडत्यांशी जोडलेली आहे. त्याच साथीत, १० मार्चला, रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. बाकीचे दारं लावून घेत होते तेव्हा त्या लोकांच्या घरी जात होत्या. आणि १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाच झाला, तोच २०२० मध्ये राज्यानं पुन्हा बाहेर काढला.

लपवाछपवीही परत आली. २०२० मध्ये इमारतीला बांबू ठोकून ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक लागायचा, काही ठिकाणी थेट दारावर कागद चिकटवायचे. लोक ताप लपवू लागले. खोकला आला तर नळ सोडून खोकायचे. दारावर असे कागद लावायची सरसकट पद्धत बरोबर नाही, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असेल तरच लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. घरावर शिक्का बसतो तेव्हा घरातलाच माणूस घरच्यांना परका वाटायला लागतो. आमच्याकडे असे रुग्ण आले, ज्यांना बरे होऊन परतल्यावर आठवडेच्या आठवडे वेगळं ताट मिळत होतं.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून आता आईंकडे बघा. त्या काळातल्या प्रत्येक नियमावलीत एक ओळ ठरलेली असायची: ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि १० वर्षांखालील मुलं यांनी घरातच राहावं. तुमच्या आई तेव्हा अडुसष्टच्या. सरकारनं ज्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं त्यांत त्या होत्या. टीव्ही, फोन, सोसायटीचा फळा, आणि तुम्ही मुलं, सगळे एकच सांगत होते. तुम्ही त्यांना किती वेळा रागावला असाल, “आई, खाली जायचं नाही म्हटलं ना!” त्यांनी ऐकलं. मग राज्यानं २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठवले. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. यातलं काहीही आईंना कुणी समोर बसून, तितक्याच काळजीनं सांगितलं का? नियम वाजतगाजत आला आणि गुपचूप गेला. घरात राहण्याबद्दल शाबासकी मिळालेल्या माणसाला तीच गोष्ट आता वेडेपणा ठरते हे कळत नाही.

त्यात मुंबईच्या माणसाचं बाहेर म्हणजे लोकल. २३ मार्च २०२० ला ती बंद झाली. मधल्या काळात काहींना मिळाली, पुन्हा काढून घेतली, आणि दोन डोस घेतलेल्या सगळ्यांना मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. सत्तरीच्या आसपासच्या बाईनं दीड वर्ष फलाट बघितला नाही, तर भीती नसली तरी सराव जातो. जिना चढायची ताकद जाते, गर्दीत तोल सांभाळायचा आत्मविश्वास जातो.

आणि मामा. तुम्ही ते एका वाक्यात लिहिलंय, पण माझ्या मते आईंच्या दुखण्याचा गाभा तिथे आहे. एप्रिल २०२१ मध्ये गेलेल्या किती तरी माणसांना घरच्यांनी शेवटचं बघितलं ते रुग्णवाहिकेत चढताना. खाटा नव्हत्या, ऑक्सिजनसाठी धावाधाव होती, आणि देह घरी न येता थेट स्मशानात गेला. अंगणात ठेवणं नाही, पाणी पाजणं नाही, चार बायकांनी मिळून रडणं नाही. आईंच्या मनात एक हिशेब पक्का बसला असणार: भाऊ घरात होता तोवर होता, बाहेर नेला आणि गेला. हा हिशेब चुकीचा आहे हे तुम्ही वैद्यकीय कारणं देऊन पटवू शकणार नाही. मामांबद्दल घरात बोललं जातं का? नसेल तर तिथून सुरुवात करा. त्यांची तिथी असेल त्या दिवशी भाचे, भावजय, कुणी असतील त्यांना घरी बोलवा, मामांचे जुने फोटो बाहेर काढा, तेव्हा राहून गेलेलं रडणं होऊ द्या. त्यानंतर आई आपणहून जिना उतरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

भीती टिकते कशी, तेही थोडं समजून घ्या. लग्नाला जायची वेळ आली की छातीत धडधडतं. ‘नाही जात’ म्हटलं की लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणं हीच भीतीची रोजची भाकरी. टाळल्यामुळे काही वाईट झालं नाही, म्हणजे टाळलं म्हणूनच झालं नाही, असं मन धरून बसतं. घरचे प्रेमानं सगळं आणून देतात, पिशव्या धुऊन देतात, त्यामुळे हे चक्र आणखी छान फिरतं. तेव्हा ओढून नेऊ नका, खोटं बोलून गाडीत बसवू नका, आणि तुमची मदतही हळूहळू थोडी कमी करा.

पण त्याआधी एक तपासणी. वयस्कर माणसाला ‘करोनाची भीती वाटते’ हे सांगणं सोपं असतं, ‘लघवी थांबत नाही’ हे सांगणं फार अवघड. घरात बसलेल्या किती तरी आज्यांच्या बाबतीत मला खरं कारण सापडलं ते गुडघ्यांत, मोतीबिंदूत, कमी ऐकू येण्यात, किंवा बाहेर स्वच्छतागृह मिळेल का या धास्तीत. करोना हे त्यावरचं अब्रूदार पांघरूण होतं. विसराळूपणाही बघा. रस्ता चुकण्याची भीती वाटणारा माणूस सांगतो की मला बाहेरच आवडत नाही. आईंना एकटीला, बाईमाणसानं, शांतपणे विचारा.

शरीराचं असं काही नसेल, तर सुरुवात मोकळ्या जागेपासून करा. इथे खरी माहिती उपयोगी पडते: त्यांच्या बंद बैठकीच्या खोलीपेक्षा सकाळची बाग, देवळाचं अंगण, सोसायटीतला कट्टा ही श्वासाच्या आजारांसाठी जास्त सुरक्षित जागा आहे. पहिले काही दिवस नुसतं खाली जाऊन बसणं. मग कोपऱ्यावरचं दुकान, मग दुपारच्या निवांत वेळेतला बाजार, आणि लग्नाचा एसी हॉल सगळ्यांत शेवटी. प्रत्येक पायरीवर धडधड थोडी ओसरेपर्यंत थांबायचं, ती सुरू झाल्याबरोबर परत फिरायचं नाही. मास्क लावायचा असेल तर लावू द्या, हसू नका. इन्फ्लुएन्झाची लस वयानुसार हवीच, ती याच निमित्तानं घेऊन टाका. दुधाच्या पिशवीवरून भांडू नका. एकदा धुऊन समाधान होत असेल तर ती नुसती सवय आहे.

मात्र तीच पिशवी तीनदा धुतली जात असेल, हातांची सालं निघत असतील, पाणी आणि वेळ त्यातच जात असेल, तुम्हालाही आत आल्यावर आंघोळ करायला लावत असतील, जेवण आणि वजन घटलं असेल, पहाटे जाग येऊन रडू येत असेल, किंवा ‘आता बस झालं’ असं बोलत असतील, तर तो स्वभाव नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, त्यात लाज नाही. नेणं लगेच शक्य नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलता येतं. भीतीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जाण्याची उपचारपद्धत या वयातही चांगली लागू पडते. गोळ्या लागल्या तर कमी मात्रेपासून सुरू करतात. आईंना रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण नैराश्याच्या काही औषधांनी वयस्कर माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते पहिल्या काही आठवड्यांत तपासून घ्यावं लागतं.